झेंडी धरणाऱ्याचा श्वास

परसरामने एकतीस वर्षं मोजणी खात्यात झेंडी धरली. मोजणीदाराने टेबल मांडून डोळा लावला, की याने हद्दीच्या दगडाशी झेंडी उभी करायची आणि साहेबाची रेघ मारून होईपर्यंत श्वास रोखायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. छाती हलली की हात हलतो, हात हलला की झेंडी हलते आणि झेंडी हलली की दोन भाऊ कोर्टात जातात, अशी त्याची साधी समज होती. मोजणीला निघताना साहेब लोक परसरामलाच मागून घ्यायचे, आणि त्याचा तोरा पेन्शनीतही उतरला नव्हता.

आता त्याच्याच उजव्या फुफ्फुसात कॅन्सरची गाठ निघाली होती, लिंबाएवढी. कारध्याहून पूल ओलांडून तो आणि बायको विमलाबाई रोज ऑटोने भंडाऱ्याला, हायवेवरच्या एका खासगी दवाखान्यात यायचे. तिथल्या मशीनची रीत अशी, की किरणांचा शेक देण्याआधी रोज छातीचा फोटो काढायचा, गाठ आज कुठे आणि केवढी आहे ते पाहायचं आणि त्याप्रमाणे शेकाचा घेर लावायचा. परसरामला हे फार पटलं. रोजच्या रोज मोजणी करणारं खातं त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

पण मोजणी काही जुळेना. मशीन चालवणारी रुचिता फोटो काढायची, आखणीसाठी पहिल्या दिवशी काढलेल्या मोठ्या फोटोशी ताडून पाहायची आणि पुन्हा काढायची. गाठ एक दिवस बोटभर वर, तर दुसऱ्या दिवशी खाली. तिसरा-चौथा फोटो कसाबसा जुळला की मग शेक. आठव्या दिवशी डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवलं.

“गाठ जागेवर सापडत नाही,” ते म्हणाले. “असंच राहिलं तर घेर मोठा धरावा लागेल, आणि त्यात चांगलं फुफ्फुसही भाजेल. तुमचं आधीच विडीनं खाल्लेलं आहे, ते तेवढं सोसणार नाही. मग शेक बंद करावा लागेल.”

चूक आपल्या दम धरण्यातच असणार, एवढं परसरामने ताडलं आणि इलाजही आपणच सुरू केला. घरी ओसरीत घड्याळ समोर ठेवून तो दम रोखायचा सराव करू लागला. तोंड लाल व्हायचं, मग खोकल्याची उबळ यायची. या अकलेपुढे कोणीही कपाळाला हात लावला असता. विमलाबाईने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात रुचिताला गाठलं.

“बाई, हे घरी दम रोखून बसतेत. तुमीच सांगतलं का?”

रुचिता परसरामकडे वळली. “काकाजी, फोटो काढताना तुम्ही श्वास रोखून राहिले का?”

“मंग? मोजणी चालू असतानी हलाचं कसं?” परसराम म्हणाला. “पहिल्या दिवशी भेवानं ध्यानात नाई राहिलं. मंग बराबर धरून राहिलो.”

“तो पहिल्या दिवशीचा श्वासच बरोबर होता. साध्या श्वासानं गाठ किती हलते, ते धरूनच सगळं मांडलं आहे. तुम्ही दम धरला का गाठ दुसरीकडंच जाते. फक्त घरच्यासारखा श्वास घ्या.”

सांगणं सोपं होतं. साधा श्वास घ्यायचा म्हणून घ्यायला गेलं, की तो साधा राहीना. बाहेरच्या पडद्यावर त्याच्या श्वासाची हिरवी रेघ कुठे उंच उडे, कुठे सपाट पडे. शेवटी रुचिताने बाहेर, आत आवाज पोचवणाऱ्या माइकसमोर विमलाबाईला बसवलं. “काकू, काही बी बोला. घरचं.”

विमलाबाईला बोला म्हणायची पाळी गावात आजवर कोणावर आली नव्हती. लाखोरीच्या डाळीत किडे झाले इथून तिने सुरुवात केली, शेजारच्या कुंताबाईच्या सुनेवर आली आणि नळाची तोटी तीन हप्ते झाले गळते अन् तुम्ही नुसते पाहून राहिले, इथवर पोचली. चाळीस वर्षं हेच ऐकत परसरामला झोप लागत आली होती. रेघ एकसारखी चालू लागली. फोटो पहिल्याच फटक्यात जुळला.

मग तिची ती रोजचीच ड्यूटी झाली. आठवडाभराने डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं, पण या वेळी ते हसत होते. गाठ निम्मी झाली होती. घेर आत घ्यायचा, नवा मोठा फोटो काढून नवी आखणी करायची.

“म्हंजे हद्द सरकली?” परसरामने विचारलं.

“सरकली. आत.”

परसरामने जन्मभर कोणाला हद्दीचा दगड वीतभर सरकवू दिला नव्हता. आज त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. विमलाबाईच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं.

नव्या फोटोच्या दिवशी ती माइकपाशी बसली आणि तिला काही सुचेना. रुचिताने खूण केली.

“धम्मदीपचे बाबा,” ती म्हणाली, “मी तं मनातून तुमाले पोचवून बसली होती. तुमचे कपडे कोणाले द्याचे, थे बी ठरवलं होतं.”

पडद्यावरची रेघ सपाट झाली.

“काकू,” रुचिता हळूच म्हणाली, “श्वास रोखला त्यांनी. दुसरं काही बोला.”

विमलाबाईने पदराने नाक पुसलं.

“तोटी अजून गळूनच राहिली,” ती म्हणाली.

आत टेबलावर परसरामने श्वास सोडला, आणि रेघ पुन्हा चालू लागली.