एकदाच मोजा!

मी एक जुनी मापाची टेप आहे, मित्रांनो. कारखान्यात माझ्या अंगावर साठ इंचांचे काळेभोर आकडे छापले आणि मी दोन बहिणींच्या शिवणाच्या दुकानात आले. मोठी ताई मापं घेऊन कापड बेतायची, धाकटी मशीनवर बसायची. ताईचा हात बसलेला. गिऱ्हाइकं तिचं कौतुक करत आणि मी तिच्या गळ्यात लोळत सगळं श्रेय स्वतःकडे घेई.

पुढे ताई एकच माप दोनदा घेऊ लागली. मग पाचदा, मग दहादा. चूक झाली नव्हती, कुणी बोललंही नव्हतं. पण कात्री उचलली की तिची छाती धडधडे, तळवे ओले होत. घास गिळवेना, झोप लागेना. तिच्या अंगठ्याखाली माझे आकडे पुसट झाले. खरं सांगते, मला राग यायचा. मी खोटं कशाला बोलेन?

"बरोबर आहे ना गं?" ती विचारायची.

"हो गं ताई, बरोबर आहे," धाकटी म्हणायची. ताईला घटकाभर बरं वाटे, की पुन्हा तेच. एकदा धाकटी वैतागली. "अगं, छत्तीसची छाती चहा पिऊन येईतो अडतीस होते का?"

दोघी हसल्या, पण कापड तसंच पडून राहिलं. अखेर ताईने कात्री कपाटात ठेवली. "मला आता जमायचं नाही. तू दुसरी कुणी बघ."

धाकटी ऐकणारी नव्हती. ती ताईला डॉक्टरांकडे घेऊन गेली. "हा काळजीचा आजार आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हट्ट नाही आणि भित्रेपणाही नाही. उपचारांनी सुधारतो." औषध दिलं आणि सरावही सांगितला. माप एकदाच घ्यायचं, वहीत लिहायचं, भीती ओसरेपर्यंत थांबायचं. आणि धाकटीने 'बरोबर आहे' म्हणायचं नाही; तेवढ्याने भीती घटकाभर दबते आणि पुन्हा उसळते.

पहिलं काम आलं नर्सबाईंच्या पांढऱ्या कोटाचं. ताईने एकदाच मोजलं. "बरोबर आहे ना?"

धाकटीचे डोळे भरून आले. "ताई, मी सांगणार नाही. पण इथून हलणारही नाही."

ताई घामाघूम झाली. बराच वेळ गेला. मग कात्री चालली.

आणि बाही खरोखरच अर्धा इंच तोकडी झाली! शिवणीसाठी जादा कापड सोडायचं राहिलं होतं. ताई पांढरीफटक पडली. धाकटीने बाहीला पट्टी जोडली. कोट घालून पाहताना नर्सबाई म्हणाल्या, "पट्टी झकास दिसते हो!" आभाळ काही कोसळलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी तेच तेच विचारत असेल, तर हसू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि शेजारी बसून राहा. माझे आकडे पुसट झाले, त्याचं मला काही नाही. माणसाचा हात थांबू नये.

ताईची भीती अजून गेलेली नाही. नर्सबाई गेल्यावर तिने दुसरं कापड पसरलं, मला एकदाच फिरवलं आणि बाजूला ठेवलं. आकडा वहीत लिहिला. आणि तिने कात्री चालवली.