हजर एकेचाळीस

त्याने स्टॉपवॉच दाबलं आणि जिन्यात तोंड घालून शिट्टी फुंकली. चारही मजले धडधडायला लागले. पहिल्यावरचे उतरले, दुसऱ्यावरचे उतरले, आणि मग जिना एकदम थबकला. वरून चौघं जण त्याच्या आईला खुर्चीला बांधून आणत होते. तिच्या पायांतलं बळ जाऊन तीन वर्षं झाली होती. वजन मात्र कुठे गेलं नव्हतं. वळणावर खुर्ची कठड्यात अडकली.

“राणीचा रथ फसला गं बाई,” आई म्हणाली.

कोणी हसलं नाही. तिच्यामागे जुळ्यांची आई दोन्ही काखांत एकेक मूल घेऊन रडकुंडीला आली होती. शेवटचं माणूस बाहेर पडलं तेव्हा अकरा मिनिटं होऊन गेली होती.

रस्त्यापलीकडे बर्फाचा कारखाना होता. त्याच्या टाक्यांत अमोनिया. गळती झाली तर वायू वर चढतो, म्हणून इमारत सात मिनिटांत रिकामी व्हायला हवी, असं अधिकारी बजावून गेले होते. जमलं की प्रमाणपत्र. दर महिन्याच्या सरावाचं हे लचांड कोणी गळ्यात घेईना, तेव्हा याने हौसेने घेतलं, आणि तेव्हापासून तो सगळ्यांचा शिट्टीमास्तर. नियम त्यानेच सगळ्यांकडून घोकून घेतले होते. शिट्टी झाली की निघायचं. सामान घ्यायचं नाही. खाली उतरलेल्याने काही झालं तरी परत वर जायचं नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये बैठक भरली. अकरा मिनिटं का लागली हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. तळमजल्यावरचा शिंपी तेवढा म्हणाला, “जिनाच अरुंद आहे हो.” मग काय, अर्धा तास त्या बिचाऱ्या जिन्याचे वाभाडे निघाले. नजरा मात्र याच्यावर.

“आईला शेवटी आणू,” तो अखेर म्हणाला.

“छे छे, असं कसं!” पाच-सहा जण एकदम म्हणाले आणि लगेच पुढच्या विषयाला लागले. शेवटी म्हणजे कधी, कोण वर जाणार, हे कोणीही विचारलं नाही. निघताना शिंप्याने त्याचा हात धरला. “माणूस असावा तर असा.” खरं तर लाज वाटायला हवी होती. याला बरं वाटलं.

अधिकारी तपासणीला यायचे त्या सकाळी बायको हजेरीचं रजिस्टर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“अहो, सासूबाईंचं नाव ठेवू का? बेचाळीस लिहिले आणि एकेचाळीस भरले तर साहेब विचारतील.”

तो बुटाची नाडी बांधत होता. सुटली नव्हती, तरी पुन्हा बांधली. “आजच्यापुरतं काढ,” तो म्हणाला.

सहा मिनिटं वीस सेकंद. अधिकाऱ्यांनी रजिस्टर पाहिलं, माणसं मोजली, आणि विचारलं, “वर कोणी?”

“कोणी नाही!” सगळे एका सुरात ओरडले. टाळ्या झाल्या.

तो वर गेला तेव्हा आई खुर्चीत तयार बसलेली होती. पायांत चपला, मांडीवर औषधांची पिशवी, कमरेचा पट्टा तिने स्वतःच आवळून घेतला होता.

“शिट्टी होऊन किती वेळ झाला! कुठे उलथले ते चौघं?”

“आज तुझी पाळी नव्हती.”

“मग आधी सांगायचं ना बाबा. मी लघवी दाबून बसले. म्हटलं, ऐन वेळी खोळंबा नको.”

तो खाली वाकून पट्टा सोडवायला लागला. तिच्या तोंडाकडे पाहायची त्याची छाती झाली नाही.

आजच्यापुरतं काढलेलं नाव पुढच्या महिन्यात परत घालायचं राहून गेलं. त्याच्या पुढच्याही. दर महिन्याला शिट्टी, दर महिन्याला “कोणी नाही!” इमारतीची चपळाई बघायला शेजारच्या इमारतीचे लोक येऊ लागले.

आणि एका रविवारी सकाळी कारखान्याचा भोंगा खरोखरचा वाजला. तो पार्किंगमध्ये स्कूटर पुसत होता. वास नाकात शिरून डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी बोटांनी स्टॉपवॉच दाबलं आणि तोंडाने शिट्टी फुंकली. बायकोने वर शेगडी बंद केली, रजिस्टर उचललं, दार ओढून घेतलं आणि जिना उतरली. कोणी ढकललं नाही, कोणी ओरडलं नाही. वाऱ्याच्या उलट्या बाजूला, मैदानाच्या टोकाला सगळे रांगेत उभे राहिले. बायकोने मोजले. एकेचाळीस.

“पाच पन्नास!” तो खोकत खोकत ओरडला. इतका कमी वेळ आजवर लागला नव्हता.

अग्निशमन दलाचा प्रमुख धावत आला. “वर कोणी?”

“कोणी नाही!”

त्या आरोळीत त्याचाही आवाज होता, आणि चांगला खणखणीत होता. प्रमुखाने हात केला तशी मुखवटे चढवलेली त्याची माणसं शेजारच्या इमारतीत शिरली.

त्यानंतर याचं तोंड उघडंच राहिलं.

“आई,” तो म्हणाला. मग किंचाळला, “आई!” आणि जिन्याच्या दिशेने धावत सुटला. शिंप्याने आणि आणखी दोघांनी त्याला कव घालून धरलं.

“परत वर जायचं नाही, मास्तर! तुम्हीच शिकवलंत!”

प्रमुखाने बायकोच्या हातातलं रजिस्टर ओढून घेतलं. बोट शेवटच्या नावापर्यंत नेलं. “यात तर नाहीत.”

“आहे हो! चौथ्या मजल्यावर. तिला चालता येत नाही.” तो गुडघ्यांवर आला होता. “तुमची माणसं बोलवा. पाया पडतो, बोलवा त्यांना.”

“मुखवटे चारच आहेत. ती चौघं बाहेर आली की लगेच पाठवतो.”

“किती वेळ?”

प्रमुखाने शेजारच्या इमारतीकडे पाहिलं. “तिथे तीन म्हातारी माणसं आहेत, न चालणारी,” तो म्हणाला. “त्यांनी लिहून दिलीत.”