दुबार नोंदी

पूर्णविरामांचा पारा सकाळपासून चढलेला होता. हे नाव त्यांना ऑफिसात पडलं होतं, कारण चौतीस वर्षं मेनफ्रेमवर, ऑफिसच्या त्या खोलीएवढ्या जुन्या कॉम्प्युटरवर, प्रोग्राम लिहिताना ओळीच्या शेवटचा पूर्णविराम त्यांच्या हातून कधी सुटला नव्हता. निवृत्तीनंतर स्प्रेडशीटचे मॅक्रो, म्हणजे रकान्यांची कामं आपोआप उरकणारे छोटे प्रोग्राम, शिकायचं खूळ त्यांनी डोक्यात घेतलं, आणि आता हा टीचभर लॅपटॉप त्यांना लाल अक्षरांत चुका दाखवत होता.

"याला धड पूर्णविरामही लागत नाही! भाषा आहे की पोरखेळ?" ते स्क्रीनवर खेकसले.

लेकीने तीन आठवडे फोनवरून शिकवलं होतं. सरावाला त्यांनी बायकोची फाइल उघडली. विचारलं नाही, घरच्याच माणसाला काय विचारायचं! बायको प्रसूतिगृहात सिस्टर होती. आपल्या हातून झालेल्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद तिने वह्यांत ठेवली होती: आईचं नाव, तारीख, बाळाचं वजन आणि शेवटी तिची स्वतःची एक ओळ. वर्षभर बसून एका बोटाने तिने ते सगळं टाइप केलं. सोमवारी ती फाइल प्रसूतिगृहाला द्यायची होती. वह्यांना वाळवी लागलेली. टाइप करून झालं तसं पूर्णविरामांनी त्या परस्पर रद्दीत घातल्या. मशीनमध्ये आलं ना, मग झालं!

दुपारी मॅक्रो एकदाचा चालला.

"अगं, तेवीस दुबार नोंदी निघाल्या तुझ्या! तीच बाई, तीच तारीख, दोन-दोनदा लिहिलीस. टाकल्या काढून."

सिस्टर ताटल्या पुसत होती. हातातलं फडकं तसंच राहिलं.

"वजनं वेगळी होती का?"

"वजन कोण बघतो? आई आणि तारीख, एवढ्यावर नोंद ओळखायची असते."

"अहो, जुळी होती ती!"

पूर्णविरामांनी केलेलं मागे घ्यायचं बटण दाबलं. ते मेल्यासारखं पडून होतं. लेकीला फोन लावला.

"बाबा, मॅक्रो चालल्यावर मागे जाता येत नाही. मूळ फाइलची कॉपी ठेवली होती ना? निदान सेव्ह तरी नाही ना केलंत?"

मॅक्रोची शेवटची ओळच सेव्हची होती. शिस्तीत लिहिलेली.

"मूळ फाइलला हात लागतोच कसा?" त्यांचा आवाज फाटला. "आमच्याकडे जुनी फाइल जागची हलायची नाही! काढलेली नोंद वेगळी पडायची, दुसऱ्या दिवशी छापून टेबलावर यायची! या दळभद्र्या डब्याने तेवीस गिळल्या आणि ढेकरही दिला नाही!"

"डब्यावर ओरडू नका." सिस्टरने फडकं आपटलं. "कितीदा सगळे हात धुऊन मोकळे झाले होते, डॉक्टरसुद्धा. मी पोटावर हात ठेवून सांगत होते, थांबा, अजून एक आहे. कुणाला खरं वाटायचं नाही. ती पोरं मी ओढून आणली. आणि तुम्ही बसल्या जागी काढून टाकलीत!"

"मग जुळ्यांचा वेगळा रकाना ठेवायचा होतास!"

बोलले आणि त्यांची त्यांनाच चीड आली. पण शब्द बाहेर पडला होता.

"उठा," ती म्हणाली.

ते उठले. ती खुर्चीत बसली आणि एका बोटाने आठवेल तसं लिहायला लागली. आईचं नाव आलं, तारीखही आली. शेवटची ओळ तिने न थांबता लिहिली: 'दुसरी मुलगी. उशिरा रडली, पण रडली.' मग बोट वजनाच्या रकान्यावर येऊन थांबलं.

"नाही आठवत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचाही तिला राग आला होता. "वह्या कुठल्या रद्दीवाल्याला दिल्यात?"

वह्या देऊन दोन महिने होऊन गेले होते. पूर्णविरामांनी तरीही चपला घातल्या.