तीन हिसके

“धाकटा वर आला का रे?”

चहाचा कप खाली ठेवत वडिलांनी विचारलं. मी बुटाच्या नाड्या बांधत होतो.

“येईल, बाबा,” मी म्हणालो.

माझ्या धाकट्या भावाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. गेल्या वर्षापासून वडिलांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली आहे. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग आई वारल्याचं विसरले, मग स्वतःचं वय. धाकटा तेवढा राहिला. रोज सकाळी चहा झाला की ते विचारायचे आणि मी थाप मारायचो. थापा मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आम्ही विहिरी साफ करणारे. वडील, मी आणि धाकटा. एकाने खाली उतरून गाळ काढायचा, दुसऱ्याने वर दोर धरायचा. खालचा आवाज वर नीट पोचत नाही, म्हणून दोराला हिसके द्यायचे. एक म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे बादली ओढ, तीन म्हणजे मला वर घे. आणि वडिलांची एक रीत होती. विहीर साफ झाली की पहिलं नितळ पाणी पेल्यात भरून त्यांच्यापुढे धरायचं. त्यांनी घोट घेतला की काम पास.

धाकटा गेला त्या आठवड्यात आम्ही भावांनी दोन वेगळ्या विहिरी केल्या होत्या. दोघांनी आपापले पेले पुढे धरले. वडील धाकट्याच्या पेल्यातलं अर्धं पाणी प्यायले आणि त्याची पाठ थोपटली. माझा पेला त्यांनी उजेडात धरून पाहिला आणि पाणी जमिनीवर ओतून दिलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. धाकटा म्हणाला, “दादा, माझ्यातलं घे थोडं.” चांगल्या मनाने म्हणाला, तेच मला जास्त झोंबलं.

तीन दिवसांनी तो एका जुन्या विहिरीत उतरला. दोर माझ्या हातात होता. तासाभराने तीन हिसके आले. म्हटलं, राहू दे जरा, कळू दे वर कोण उभा आहे ते. मी मनात सावकाश पन्नासपर्यंत मोजलं आणि मग ओढायला लागलो. खाली हवा खराब होती. तो वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि दोर मुठीतून सोडवावा लागला.

लोक म्हणाले, नशीब. वडिलांनी तेव्हा मला एकदाही काही विचारलं नाही. त्यानंतर कुठलाही दोर असो, कपडे वाळत घालायचा किंवा पडद्याचा, मी हातात धरला की त्याला हिसके बसतात. डॉक्टर म्हणाले, हात थरथरतात, आणि त्यांनी गोळ्या दिल्या. थरथरणारा हात इतका हिशेबी नसतो. तीनच येतात, कधी दोन नाहीत की चार नाहीत.

बुटाच्या नाड्या बांधून निघालो त्या दिवशी ज्यू लोकांच्या प्रार्थनाघराच्या आवारातल्या विहिरीचं काम होतं. हल्ली मी माणूस उतरवत नाही, पंप लावून पाणी उपसतो. पंप चालू होता आणि तिथे हिब्रू शिकवणारे म्हातारे मास्तर गप्पा मारायला शेजारी येऊन बसले.

“एकटेच काम करता? भाऊबिऊ कोणी नाही?”

“होता एक.”

“आमच्या ग्रंथात तर पहिल्याच घरात भावाने भावाला मारलं,” ते शेजारच्या घरातली भानगड सांगावी तसं म्हणाले. “दोघांनी देवापुढे आपापलं आणून ठेवलं. देवाने धाकट्याचं घेतलं, थोरल्याच्याकडे पाहिलंही नाही. का, ते लिहिलेलं नाही. थोरल्याने धाकट्याला शेतात गाठून मारलं. मग देवाने विचारलं, तुझा भाऊ कुठे आहे?”

“देवाला माहीत नव्हतं होय?”

“माहीत होतं. आमची जुनी मंडळी म्हणतात, त्याने आपल्या तोंडाने सांगावं म्हणून विचारलं.”

“सांगितलं असतं, तर सुटला असता?”

मास्तर चष्मा पुसत राहिले. “सांगितलंच नाही त्याने. मग कसं कळणार?”

वडीलही विसरलेत म्हणून नाही, मी सांगावं म्हणून विचारत असतील तर? मी पंप बंद केला, उरलेलं काम उद्यावर टाकलं आणि घर गाठलं.

वडील खिडकीपाशी गुडघ्यांवर पांघरूण घेऊन बसले होते. मी समोर जमिनीवर बसलो. सकाळचा प्रश्न त्यांनी दुपारी पहिल्यांदाच विचारला.

“धाकटा वर आला का रे?”

“नाही आला, बाबा. दोर मी धरला होता. त्याने तीन हिसके दिले, मला कळले. मी मुद्दाम थांबलो.”

सव्वीस वर्षं जिभेवर धरून ठेवलेलं सगळं तेवढंच निघालं. मला रडू फुटलं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची नजर पूर्वी कामावर असायची तशी स्वच्छ होती.

“मग आता ओढ की,” ते म्हणाले. “थांबलास कशाला?”

त्यांनी दोन्ही हात पुढे करून हवेतच मुठी आवळल्या. मीही आवळल्या. हसाल तर हसा, पण मी ओढायला लागलो. खांदे भरून आले, तळवे सोलवटले. त्या नसलेल्या दोराला वजन होतं, ओल्या कपड्यांसकट एका माणसाचं. माझी बायको दारात येऊन बघत उभी राहिली.

“आला,” वडील म्हणाले. त्यांनी मुठी सोडल्या आणि माझ्या खांद्यावरून मागे कोणाकडे तरी पाहून हसले. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा नेऊन दिला आणि प्रश्नाची वाट पाहत उभा राहिलो. वडिलांनी सावकाश चहा संपवला. बऱ्याच वेळाने त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

“आपण कोण?” त्यांनी अदबीने विचारलं.

“मी थोरला, बाबा.”

ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले, थोडा वेळ ऐकत राहिले आणि त्यांनी मान हलवली.

“नाही हो, मला एकच मुलगा,” ते म्हणाले. “बसा ना. फक्त जरा हळू बोला, तो आत्ताच वर आलाय, दमलाय.”

“बरं,” मी हळूच म्हणालो.