बेंबीवालं संत्रं

ललिताबाई मूळच्या नागपूरकडच्या, संत्र्यांच्या काटोलच्या. पुण्यात वारज्याच्या त्या सोसायटीत संत्र्यातलं कळतं ते फक्त त्यांनाच, हे कुणी लिहून दिलं नव्हतं, पण बारा वर्षं सगळ्यांना मान्य होतं. दर हिवाळ्यात भाऊ पेटी पाठवायचा. त्या घरोघरी चार-चार संत्री वाटायच्या आणि वर, आंबट निघालं तर दोष कुणाचा, तेही समजावून सांगायच्या.

मग समोरच्या ब्लॉकमधली शर्मिला सहा महिने कॅलिफोर्नियात राहून आली. नवरा आयटीतला, कंपनीनं पाठवलेला. आल्या आल्या तिनं जाहीर केलं, की गच्चीवर ड्रममध्ये नेव्हल संत्रं लावायचं.

"नेव्हीचं? मग खडकवासल्याला एनडीएत चौकशी करा," ललिताबाईंचे यजमान आनंदराव म्हणाले.

शर्मिला खळखळून हसली. "नेव्हल म्हणजे बेंबी हो, काका. फळाला खाली बेंबी असते. आणि आत एकही बी नाही!"

नवऱ्याच्या अज्ञानापेक्षा तिचं हसणं ललिताबाईंना जास्त झोंबलं.

दोन दिवस शर्मिला इंटरनेटवर जाती धुंडाळत बसली. कारा कारा आतून गुलाबी, लेन लेट उशिरा पिकणारं, वॉशिंग्टन जुनं आणि नावाजलेलं. प्रिंटआउट जिन्यात उभ्याउभ्या साऱ्या शेजारणींना दाखवून झाले. ललिताबाई दार किलकिलं ठेवून वाट बघत होत्या, पण त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. आपल्याला हेवा वाटतोय हे त्यांना चांगलं कळत होतं. कळलं म्हणून तो कमी होईना, आणि कामवालीनं उगाचच बोलणी खाल्ली.

वॉशिंग्टन ठरलं, तेव्हा कुठे बाईसाहेबांना ललिताबाईंची आठवण झाली. "काकू, रोप निवडायला चला ना. त्यातलं तुम्हालाच कळतं." जायचं नाही असं ठरवलेल्या ललिताबाई पाच मिनिटांत चपला घालून तयार होत्या.

नर्सरीत त्या जातीची दोनच रोपं उरली होती. एक किडकिडीत, मोजून आठ पानांचं. दुसरं कमरेएवढं, हिरवंगार, काटेरी. ललिताबाईंनी खाली वाकून खोड पाहिलं, एक पान चुरगळून हुंगलं आणि सगळं ध्यानात आलं. जंबेरी नावाच्या आंबटढाण लिंबाच्या खुंटावर संत्र्याच्या फांदीचा डोळा बांधून कलम करतात. या मोठ्या रोपाचा डोळा केव्हाच मेला होता आणि खालचा खुंटच फोफावला होता. काटोलचं शाळकरी पोरही फसलं नसतं.

"हे घे," त्या म्हणाल्या. "जोमदार आहे."

घरी येईपर्यंत त्यांना फार बरं वाटत होतं.

झाड वाढत गेलं. गच्चीवर येईल त्याला शर्मिला सांगायची, "काकूंनी निवडलंय." ललिताबाई मान खाली घालायच्या. लोकांना तो विनय वाटायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात फळं पिकली. रविवारी शेजारणी गच्चीवर जमल्या. फळ पिवळं, खडबडीत, बेंबीचा पत्ता नाही. पहिली फोड शर्मिलानं काकूंपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला, तेव्हा तिनं ती स्वतःच्या तोंडात टाकली आणि तिचा चेहराच आक्रसला.

एक शेजारीण फिसकन हसली. "घ्या! ही काकूंची निवड!"

"त्यांना कशाला बोलता?" शर्मिला म्हणाली. "माझंच खतपाणी चुकलं असणार. त्यांनी बिचाऱ्यांनी किती मनापासून निवडलं होतं."

हे मात्र ललिताबाईंना सोसेना. "जंबेरी आहे ती," त्या म्हणाल्या. "मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" शर्मिलानं विचारलं.

इतकी वर्षं जपलेली पुणेरी भाषा त्या एका प्रश्नानं सुटली. "तू मले कधी विचारलं? आधी त्या कम्प्युटरले, मंग साऱ्या बिल्डिंगले, मंग मले!"

शर्मिलानं उरलेल्या फोडी ताटलीत गोळा केल्या.

"चुकलंच माझं, काकू," ती शांतपणे म्हणाली. "पण कम्प्युटर माझ्याशी खोटं बोलला नव्हता."