आडवे ओरखडे

छत्तीस वर्षं अकॉर्डियन सुरात लावणाऱ्या माणसाच्या कानावर शंका घेणं म्हणजे आचाऱ्याला मीठ कळतं का, असं विचारणं. ती हिंमत मास्तरांच्या दुकानात आजवर एकानेच केली होती. तो त्यांचाच शिष्य. सूर मोजायला काट्याचं यंत्र घेऊन आला आणि त्याच दिवशी यंत्रासकट बाहेर पडला. तेव्हापासून मास्तर त्याचा उल्लेख 'काटेवाला' असाच करत. आता त्या काटेवाल्याचं दोन गल्ल्या सोडून चांगलं चाललेलं दुकान होतं, हे वेगळं.

बायको गेल्यापासून घरात मास्तर आणि मुलगी दोघंच. मुलीला अठरावं सरत आलेलं. तरुण वादकांच्या आंतरराष्ट्रीय अकॉर्डियन स्पर्धेत बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी वय आड येणार होतं. पहिल्या तिघांत आली तर संगीत विद्यालयात शिक्षण आणि राहणं फुकट. नाही आली तर मावशीच्या कारखान्यात पाकिटं भरायचं काम ठरलेलंच होतं.

स्पर्धेच्या गावी दोघं एका वसतिगृहात उतरले होते. स्पर्धेच्या सकाळी मुलगी कपड्यांना इस्त्री करायला तळमजल्यावर गेली होती. रिकाम्या हातांना चैन पडेना म्हणून मास्तरांनी वाद्य उघडलं. आत पोलादी पात्यांच्या रांगा असतात. भात्याची हवा लागली की पातं थरथरतं आणि सूर निघतो. पातं टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. मास्तर कानस नेहमी उभी चालवत. वरच्या सुरांच्या पात्यांवर मात्र ओरखडे आडवे होते.

आडवी कानस चालवायची खोड कुणाला होती, ते सांगायला ज्योतिषी नको होता. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटची पोर चोरून त्या काटेवाल्याकडे जाते, आणि तीही बापाने लावलेलं वाद्य घेऊन. त्यांनी कानस काढली आणि सात पाती आपल्या हिशेबाने नीट केली. तोंडाने फुंकर मारली की सूर फार बारीक यायचा. तो गेली काही वर्षं बारीकच येत होता. पाती जुनी झाली, दुसरं काय.

मुलगी आली तोवर स्क्रू घट्ट झाले होते. तिची खरडपट्टी मास्तरांनी स्पर्धेनंतरसाठी राखून ठेवली. तेवढ्यात निरोप आला की आधीचा मुलगा तापाने पडलाय, लगेच मंचावर या. हात मोकळे करायलाही तिला वेळ मिळाला नाही.

सुरुवात तिने अशी केली की मास्तरांची छाती फुगली. मग वरच्या सुरांचा भाग आला आणि ती दचकली. परीक्षकांतल्या एका बाईंनी लेखणी खाली ठेवली. मुलीने तो सगळा भाग खालच्या सप्तकात उतरवून वाजवला. नेमून दिलेली रचना, सगळ्यांना पाठ. मास्तरांना वाटलं, पोर विसरली.

बाहेरच्या लांब बोळात त्यांनी तिला गाठलं.

"एवढी घोकलेली, आणि विसरलीस?"

"बाबा, तुम्ही सकाळी पेटी उघडली होतीत का?"

"उघडली. त्याचे ओरखडे पाहिले मी. कधीपासून जातेस तिकडे?"

"दोन वर्षं झाली." ती पट्टे गुंडाळत होती. "तुम्ही सूर लावलेत की दुसऱ्या दिवशी जायचे."

"का पण?"

तिने पेटी उचलून खांद्याला लावली. "परीक्षकांनी विचारलं, वाद्य कुणी लावलंय. मी सांगितलं, सूर बरोबर होता, प्रवासात थंडी लागली."

संध्याकाळी यादी लागली. तिचा नंबर अकरावा होता. शेऱ्याच्या कागदावर दोनच वाक्यं होती: वादन उत्तम. वाद्य सुरात नाही.

सोमवारी ती मावशीबरोबर कारखान्यात गेली. मास्तर पेटी उचलून दोन गल्ल्या चालत गेले. काटेवाला उठून उभा राहिला, आपली खुर्ची पुसून पुढे केली.

"तिने शपथ घातली होती मास्तर, तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून. नाहीतर मी आपण होऊन..."

"ते राहू दे. मी काय बिघडवलंय ते दाखव."

काटेवाल्याने पेटी मांडीवर घेतली, यंत्र जवळ ओढलं, आणि शेवटच्या, सगळ्यात वरच्या सुराच्या बटणावर बोट ठेवून भाता ओढला. यंत्राचा काटा एका बाजूला पार टोकाला गेला. मास्तरांनी मान वाकवून कान पुढे केला. भात्याची हवा त्यांना ऐकू आली, भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. त्यांनी वाट पाहिली.

"वाजव ना," ते म्हणाले.

काटेवाल्याने बोट उचललं नाही. भाता पुरता ताणला गेला होता.

"वाजवतोय, मास्तर."