हृदयरोग केंद्राची वास्तुशांत

राजमहेंद्रीच्या विद्यापीठात हृदयरोग संशोधन केंद्र काढायचं ठरलं, तेव्हा पहिलं वर्ष जिना कुठल्या अंगाला वळावा यावर गेलं. जिना उजवीकडे वळला. मग उत्तरेचं दार पूर्वेला आलं आणि त्या धक्क्याने स्वच्छतागृह थेट बागेत जाऊन पडलं. अँजिओग्राफीच्या टेबलावर रोग्याचं डोकं उत्तरेला येतंय, हे सिद्धांतींच्या लक्षात आल्यावर यंत्रासकट आख्खी खोली फिरवली. सिद्धांती म्हणजे वास्तू आणि मुहूर्त पाहणारे. त्यांनी मान हलवल्याशिवाय गोदावरीकाठी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा उभं राहत नाही. आर्किटेक्ट विजयवाड्याचा तरुण मुलगा होता. सिद्धांतींची गाडी फाटकात दिसली की तो निमूटपणे खोडरबर बाहेर काढून ठेवायचा.

डॉ. अलिवेलूंनी यातल्या कशालाच विरोध केला नाही. सगळी नोकरी पॅथॉलॉजीत गेल्यामुळे जिवंत माणसांशी वाद घालायची त्यांची सवय मोडली होती. त्यांना फक्त एक खोली हवी होती. तळमजल्यावर, कोरडी, कुलूप लागणारी. त्यात त्यांच्या बरण्या राहणार होत्या. शवविच्छेदनाच्या टेबलावरून, नातेवाइकांच्या सहीने, एकेक करून जपलेली माणसांची हृदयं. झडपा आकसलेली, भिंती सुजलेली, लहान मुलांची, कोळ्यांची, हेडमास्तरांची. दिल्लीने केंद्राला अनुदान मंजूर केलं ते या बरण्या पाहून. जिना तेव्हा अजून वळायचाच होता.

त्यातल्या एका बरणीत हरनाथ होता.

हरनाथ त्यांचा मुलगा. कॉलेजात व्हॉलीबॉल खेळताना त्याने चेंडू मारला; चेंडू जाळीपलीकडे पडला आणि हा अलीकडे. एवढ्या धडधाकट पोराच्या हृदयाची भिंत आतून जाड होत गेली होती आणि डॉक्टर आईला त्याचा पत्ता नव्हता. हृदय ठेवून घेण्याच्या कागदावर तिनेच आई म्हणून सही केली आणि डॉक्टर म्हणूनही तिनेच केली. बाकीचा देह शेषगिरींनी, म्हणजे वडिलांनी, नदीकाठी नेला. ते संस्कृतचे प्राध्यापक, रोज संध्या करणारे. मुलाचं हृदय मागे राहिलंय हे त्यांना दिवसकार्य उरकल्यावर कळलं. त्यानंतर त्या घरात भांडण झालं नाही. भांडायला लागतं इतपत बोलणंच उरलं नाही. हरनाथचं नाव तर दोघांनीही पुन्हा तोंडातून काढलं नाही.

आता गोष्ट नातीवर आली होती. हैदराबादच्या लेकीच्या, वसंताच्या, रक्तात एक दोष सापडला. तोच दोष तिच्या सहा वर्षांच्या मैथिलीतही निघाला. तो निरुपद्रवी आहे की मामाला घेऊन गेला तोच आहे, हे तिथले डॉक्टर सांगू शकत नव्हते. मामाच्या हृदयात तो सापडला तरच कळणार होतं. तोवर मैथिलीला पळायची बंदी. ती शाळेच्या मैदानाच्या कडेला बसून इतरांच्या चपला सांभाळायची. मेणात जपलेले हरनाथच्या हृदयाचे तुकडे मागच्या एका पुरात जुन्या तळघराबरोबर गेले होते. उरली होती ती बरणी. आणि इतक्या जुन्या, फॉर्मलिनमध्ये मुरलेल्या हृदयातून उत्तर काढू शकणारं यंत्र नव्या केंद्रात येत होतं.

नखाएवढा तुकडा आधीच कापून ठेवता आला असता. अलिवेलूंनी तसं ठरवून बरणी उघडलीही होती. मग झाकण पुन्हा घट्ट लावलं. केंद्र सुरू झालं की नवी मुलं कापतील, आपण बाहेर बाकावर बसू, असा त्यांनी स्वतःशी तोडगा काढला. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं तर हरनाथचं नाव घ्यावं लागलं असतं.

बरण्या नव्या खोलीत लागल्या आणि सिद्धांती शेवटच्या पाहणीला आले. सोबत कुलगुरू रंगनायकुलू. सज्जन माणूस, सगळ्यांचं ऐकणारा, आणि शेवटी जो बोलला त्याचं करणारा.

"अम्मा, हे काय?" सिद्धांती उंबऱ्यातच थांबले.

"हृदयं."

"कुणाची?"

"मेलेल्यांची. जिवंत माणसं देत नाहीत."

"अहो पण ही ईशान्य! देवाची जागा!"

"मग नैर्ऋत्येला हलवते."

"नैर्ऋत्य पितरांची. तिथे तर ही मंडळी ठाणच मांडतील!" त्यांनी कुलगुरूंकडे वळून आवाज उतरवला. "यांची क्रिया झालेली नाही, सार. इतके अतृप्त जीव छताखाली घेऊन तुम्ही मंत्र्यांना आत बोलावणार? तेही बायपास झालेल्या मंत्र्यांना?"

रंगनायकुलूंचा चेहरा उतरला. "डॉक्टरम्मा, काहीतरी मार्ग काढू."

"मार्ग काढा. बरण्यांना हात लावू नका."

"छे छे! तुमच्या शब्दाबाहेर आहोत का आम्ही?"

दुसऱ्या दिवशी अलिवेलू त्या यंत्राचं प्रशिक्षण घ्यायला हैदराबादला गेल्या. परत आल्या त्या उद्घाटनाच्या आदल्या सकाळी. स्टेशनवरून थेट केंद्रात. दाराला आंब्याची पानं, उंबऱ्याला हळद, आत फिनेल आणि उदबत्तीचा मिश्र वास. खोली रिकामी. कुलूप तोडलेलं नव्हतं, उघडलेलं होतं. दुसरी किल्ली त्यांच्या घरच्या कपाटात असायची.

बरण्या गच्चीवर सापडल्या. धुऊन, पालथ्या घालून, उन्हात ओळीने वाळत ठेवलेल्या.

"मेडमगारू, बघा!" शिपाई पोलय्या कौतुकाच्या अपेक्षेने पुढे आला. "लेबलंसुद्धा खरवडून काढली. चकाचक! त्या दोन मोठ्या तेवढ्या अकाउंट्सच्या बाईंनी मागितल्यात. आवकाय, कैरीचं लोणचं, घालायचे दिवस आलेत ना."

"आतलं कुठाय, पोलय्या?"

"सगळं विधिवत झालं, मेडमगारू. काही कमी पडू दिलं नाही."

खरोखरच पडू दिलं नव्हतं. कुलगुरूंनी अभिमानाने वर्तमानपत्र पुढे केलं. विद्यापीठाने बेवारस हृदयांना दिली सद्गती, असा मथळा होता. नदीकाठी चिता रचून सामुदायिक क्रिया झाली होती. कुणाचं गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचं, या रिवाजाने सगळ्यांना काश्यप गोत्र दिलं गेलं. त्यात मस्तान वली नावाचा रिक्षावाला होता आणि पेंटेकोस्टल चर्चचा एक पाळकही. चितेच्या धुराने पुरोहितांसकट सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. बातमीत त्याला श्रद्धा म्हटलं होतं. फॉर्मलिन जळताना हेच होतं, हे वार्ताहराला कुणी सांगितलं नव्हतं.

"क्रियेला कर्ता कोण बसणार, हाच प्रश्न होता," रंगनायकुलू म्हणाले. "प्रोफेसर शेषगिरीगारू स्वतःहून पुढे आले. केवढं मन त्यांचं!" आणि मग, जरा चाचरत, "दिल्लीवाल्यांना फोटो दाखवले तर चालतील ना, मॅडम? बरण्यांचे?"

अलिवेलू घरी आल्या. शेषगिरी ओसरीवर बसले होते. डोकं तुळतुळीत, चेहरा कितीतरी वर्षांनी धुतल्यासारखा. बायकोला पाहून ते उठले. असे उठायची सवय सुटून जमाना झाला होता.

"किल्ली मी दिली," ते म्हणाले. "शिव्या दे. तुझा हक्क आहे. पण आधी ऐक. त्याचा पिंड मी वेगळा ठेवला होता. हरनाथ म्हणून, आपल्या गोत्राने. कावळा लगेच शिवला, अलिवेलू. तेव्हा, पहिल्या वेळी, दुपार कलली तरी शिवला नव्हता. आठवतं? मी दर्भाचा कावळा करून भागवलं होतं. तेव्हापासून तो मला रोज दारात उभा दिसायचा. आत ये म्हणावं तर येत नव्हता, जा म्हणावं तर जात नव्हता. काल सुटला पोरगा."

त्यांनी मुलाचं नाव घेतलं होतं. अलिवेलूंना ते आधी ऐकू आलं, मग बाकीचं.

"तुकडा बिकडा काही ठेवलात का?" त्यांनी विचारलं. आपला आवाज शवागारातल्यासारखा येतोय हे त्यांना कळत होतं. "नखाएवढा?"

"ठेवायचा कशाला? अर्धवट ठेवल्यामुळेच तर..."

"राख?"

"नदीत सोडली. का गं?"

मग त्यांनी सांगितलं. वसंताचं रक्त, मैथिलीचं रक्त, यंत्र, चपला सांभाळणं, सगळं. एखादा अहवाल वाचावा तसं, स्वल्पविराम न चुकवता. शेषगिरी ऐकता ऐकता हळूहळू खाली बसले. तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत राहिले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारून किल्ली दिलीत?"

मग शेषगिरींनी विचारलं, "आता कळायला दुसरी वाट नाही?"

"नाही. म्हणजे आहे. वाट बघायची. ती मोठी होईपर्यंत."

दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर केंद्राचं उद्घाटन झालं. मंत्री पूर्वेच्या दाराने आत आले, उजव्या जिन्याने चढले आणि सुखरूप उतरले. सिद्धांतींना शाल मिळाली. हृदयसंग्रह अशी पितळी पाटी आधीच करून आली होती, ती रिकाम्या खोलीवर तशीच लावली. वसंता लेकीला घेऊन आली होती. वसंताला अलिवेलूंनी पहाटे स्टेशनवरच सांगितलं. ती रडली नाही. बापाशी बोललीही नाही. शेवटच्या रांगेत एका खुर्चीवर जाऊन बसली. घराण्याची रीत तिनेही उचलली होती.

भाषणं चालू असताना हिरवळीवर प्राध्यापकांची पोरं पुलिहोराचे, चिंचेच्या भाताचे, द्रोण घेऊन एकमेकांच्या मागे धावत होती. मैथिली आजोबांचं, शेषगिरींचं, बोट धरून मांडवाच्या कडेला उभी होती.

"ताता, अम्मा म्हणाली होती, अम्मम्माच्या केंद्रात गेलं की पळायचं का नाही ते कळणार. कळलं?"

शेषगिरींनी शोधत शोधत बायकोकडे पाहिलं. व्यासपीठावर तिच्या नावाचा पुकारा चालला होता. ती उठली, पण तिकडे न जाता खुर्च्यांमधून वाट काढत यांच्याकडे आली.

"ताता, त्या मुलांपर्यंत तरी जाऊ? हळू?"

शेषगिरींनी वाकून तिला उचललं, कडेवर घेतलं आणि म्हाताऱ्या पायांनी ते हिरवळीवर धावू लागले. पोरं ओरडत बाजूला झाली. मैथिली खिदळून त्यांच्या तुळतुळीत डोक्यावर थापा मारायला लागली, "जोरात, ताता, जोरात!"

एका फेरीतच त्यांना धाप लागली. अलिवेलूंनी आडवं येऊन हात पुढे केले.

"द्या इकडे. पडाल."

"असू दे," ते म्हणाले, आणि पुन्हा निघाले.